विझलेली वात, आडवा पेला : स्थिरचित्रात अर्थ आणि रचना एकत्र कशी बांधावी

हार्लेम या डच शहरातील चित्रकार पीटर क्लास याने १६२८ साली एका लहानशा लाकडी फळीवर रंगवलेले स्थिरचित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. फळी जेमतेम २४ सेंटिमीटर उंच आणि ३६ सेंटिमीटर रुंद, म्हणजे चित्रकलेचा कागद ज्या इम्पीरियल मापात मिळतो त्याच्या पाव तुकड्यापेक्षाही थोडी लहान आहे. तिच्यावर दात पडलेली एक कवटी आहे, आडवा झालेला काचेचा पेला आहे, विझत आलेली दिव्याची वात आहे आणि पिसाची लेखणी आहे. आयुष्य किती थोडे असते हे सांगण्यासाठी ते चित्र काढले आहे, आणि हे कोणी समजावून न सांगताही पाहणाऱ्याला कळते. मात्र ते कवटीमुळे कळते, असा आपला समज होतो आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. मनातल्या मनात कवटी काढून टाकली तरी पेला आडवाच राहतो, वात विझतच असते आणि लेखणी खाली ठेवलेली असते. स्थिरचित्रातला अर्थ वस्तूच्या नावात जेवढा असतो त्याहून अधिक तो त्या वस्तूच्या अवस्थेत, तिच्या जागेत आणि तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशात असतो. म्हणून प्रतीक आणि रचना हे दोन वेगवेगळे विषय मानून शिकले की दोन्ही अर्धवट राहतात.

शाळेत असताना इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्रासाठी आपल्यापैकी अनेकांनी मडके, केळी, बाटली आणि मागे सोडलेले कापड, म्हणजे ड्रेपरी, असा वस्तूंचा ग्रुप रंगवलेला असतो. आकार नीट आला का, छायाप्रकाश जमला का, एवढेच तेथे पाहिले जाते आणि त्या वयात ते योग्यही आहे. मात्र या वस्तू एकत्र का आल्या, हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. ज्यांचा हात थोडाफार बसला आहे आणि ज्यांना आता तो प्रश्न पडू लागला आहे, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. त्या तैलरंग, ॲक्रिलिक आणि जलरंग या तिन्ही माध्यमांना लागू पडतात, आणि जेथे फरक पडतो तेथे तो सांगितला आहे.

पहिली पायरी : एक चित्र शेवटपर्यंत वाचावे

स्वतःचा ग्रुप लावण्यापूर्वी एक जुने चित्र निवडून त्याच्यासमोर किमान अर्धा तास बसावे. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर चांगल्या प्रतीची छायाचित्रे मोफत पाहता येतात, त्यामुळे प्रवासाची गरज नाही. सुरुवातीला लंडनच्या नॅशनल गॅलरीतील हार्मेन स्टेनवाइक याचे १६४० च्या सुमाराचे चित्र घ्यावे. ते ओकच्या फळीवर असून साधारण ३९ बाय ५१ सेंटिमीटरचे, म्हणजे अर्ध्या इम्पीरियलच्या जवळपासचे आहे. त्यात कवटी, पुस्तके, वाद्ये, घड्याळ, विझलेला दिवा, जपानी तलवार आणि पूर्वेकडच्या समुद्रातून आलेला मोठा शंख आहे. पुस्तके विद्येची, वाद्ये इंद्रियसुखाची, शंख आणि तलवार दुर्मीळ वस्तू गोळा करणाऱ्या संपत्तीची खूण आहेत. सर्व काही व्यर्थ आहे, हे बायबलमधील उपदेशकाचे म्हणणे त्या काळच्या डच घरांत सर्वांच्या ओळखीचे होते आणि या चित्रप्रकाराला ‘व्हॅनिटास’, म्हणजे लॅटिनमध्ये व्यर्थता, हे नाव त्यावरूनच मिळाले.

एवढी यादी झाली की बहुतेक जण वाचन थांबवतात, पण खरे वाचन येथून सुरू होते. छायाचित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवावा, प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा न काढता फक्त तिची मुख्य दिशा एका रेषेने दाखवावी आणि गडद भाग पेन्सिलने भरावेत. मग दिसते की सगळ्या वस्तू खाली आणि उजवीकडे दाटीने जमल्या आहेत, डावीकडचा वरचा मोठा भाग जवळजवळ रिकामी भिंत आहे आणि त्या रिकाम्या भिंतीवरून प्रकाशाचा एक तिरका झोत कवटीकडे उतरतो. त्या चित्रातली सर्वांत बोलकी गोष्ट कोणती असे मला विचारले तर मी ती रिकामी जागा दाखवीन. खाली माणसाने जमवलेल्या वस्तूंची गर्दी आहे, वर काहीच नाही, आणि प्रकाश त्या काहीच नसलेल्या बाजूने येतो. हा अर्थ कोणत्याही प्रतीककोशात सापडणार नाही, कारण तो रचनेने निर्माण केला आहे.

या चित्राच्या क्ष-किरण तपासणीत असेही दिसले की आज जेथे उजवीकडे मोठा बुधला आहे, तेथे चित्रकाराने आधी एका पुरुषाचा अर्धपुतळा रंगवला होता. मानवी चेहऱ्याचा पुतळा कवटीच्या जवळ असता तर डोळा दोन चेहऱ्यांमध्ये विभागला गेला असता, असे मला ते पाहताना नेहमी वाटते. साध्या, मुक्या बुधल्याने ती ओढाताण संपवली आहे.

प्रतीकांची यादी पाठ का करू नये

प्रतीकांचे कोश उपयोगी असतात, पण त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. अर्धवट सोललेल्या लिंबाचेच उदाहरण घ्यावे. डच चित्रांत हे लिंबू इतक्या वेळा येते की त्याचा अर्थ ठरलेलाच असणार असे वाटते. बाहेरून देखणे आणि आतून आंबट, म्हणून ते फसव्या सुखाचे प्रतीक आहे असे एक मत आहे. ते दक्षिणेकडून येणारे महाग फळ होते, म्हणून यजमानाच्या ऐपतीची खूण आहे असे दुसरे. टेबलावरून खाली लोंबणारी साल, तिची खरबरीत पिवळी बाजू, आतला पांढरा मऊ थर आणि ओलसर गर एकाच वस्तूत रंगवून दाखवणे हे कौशल्याचे प्रदर्शन होते असे तिसरे. अभ्यासकांमध्ये यावर एकमत नाही, आणि चित्रकाराने या वादातून एवढेच घ्यावे की एकाच वस्तूला तीन अर्थ असू शकतात आणि शेजारी काय ठेवले आहे यावर त्यांपैकी कोणता वर येईल हे ठरते.

क्लास आणि विलेम हेडा यांच्यासारख्या हार्लेमच्या चित्रकारांच्या जेवणाच्या टेबलांवर आणखी एक वस्तू दिसते, आणि ती पाहून मराठी वाचकाला क्षणभर घरचे काही पाहिल्यासारखे वाटेल. ती म्हणजे जुन्या पंचांगाच्या पानाची केलेली पुडी आणि तिच्यात मिरी. मिरी त्या काळी मलबारच्या किनाऱ्यावरून आणि आग्नेय आशियाच्या बेटांवरून जहाजांनी येत असे. सरून गेलेल्या दिवसांच्या कागदात गुंडाळलेला, समुद्रापलीकडून आलेला मसाला, असा तिचा अर्थ लावता येतो, किंवा घरात पुडीला जो कागद हाताशी होता तोच वापरला एवढेही म्हणता येते. दोन्ही वाचने एकाच वेळी खरी राहू शकतात, ही चांगल्या प्रतीकाची खूण आहे.

दुसरी पायरी : वस्तूंआधी वाक्य

कपाट उघडून सुंदर वस्तू शोधू नयेत. आधी एका वहीत एक वाक्य लिहावे, आणि ते शक्यतो घटनेचे असावे. ‘काळाचे महत्त्व’ हा निबंधाचा विषय झाला, त्यावरून चित्र लागत नाही. ‘घरातले वडील माणूस आत्ताच उठून गेले आहे’ हे वाक्य मात्र लगेच काही वस्तू सुचवते आणि काही नाकारते. पुढील सर्व पायऱ्यांसाठी आपण हेच वाक्य धरून चालू.

या वाक्यासाठी मी चार वस्तू घेतो: पितळी तांब्या आणि त्याचे भांडे, चष्मा, अडकित्ता आणि अर्धवट कातरलेली सुपारी. खाली पाट आणि त्यावर घडी मोडलेला सुती पंचा. कवटीची येथे गरज नाही, आणि खरे तर ती आपल्या घरात परकी वाटते. सतराव्या शतकातील डच अभ्यासिकेत कवटी खरोखरच असू शकत होती, पण आपल्याकडे ती आणून ठेवली की ती फक्त दुसऱ्या चित्रातून उसनी घेतल्यासारखी दिसते. प्रतीक पाहणाऱ्याच्या जगण्यातले असावे लागते. दिव्याचेच पाहावे. आपल्या घरांत देवापुढचा दिवा विझवला असे म्हणत नाहीत, तो शांत केला किंवा निमाला असे म्हणतात. ज्या भाषेत तो शब्द उच्चारायलाही माणूस कचरतो, त्या भाषेच्या वाचकासमोर धूर सोडणारी निरांजनाची वात रंगवली तर तिचे वजन हार्लेमच्या दिव्याहून कमी नसेल. म्हणून ती वापरताना विचार करूनच वापरावी.

तिसरी पायरी : वस्तूची अवस्था ठरवावी

हीच पायरी सर्वाधिक वेळा वगळली जाते, त्यामुळे तिच्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. तांब्यावर भांडे पालथे घातलेले असेल तर पाणी भरून ठेवले आहे आणि कोणाच्या तरी येण्याची वाट पाहिली जात आहे, असे ते चित्र सांगते. तेच भांडे तांब्याशेजारी सरळ ठेवले असेल आणि त्याच्या तळाशी घोटभर पाणी उरलेले असेल तर कोणी येऊन पाणी पिऊन गेले आहे. ते आडवे पडलेले असेल आणि पंच्यावर ओल पसरली असेल तर काही तरी घाईचे किंवा वाईट घडले आहे. धातू तोच, आकार तोच, पण वाक्ये तीन झाली. आपल्या वाक्यासाठी दुसरी अवस्था योग्य आहे.

चष्म्याचेही तसेच. काड्या मिटून ठेवलेला चष्मा झोपायला गेलेल्या माणसाचा असतो, तर काड्या उघड्या आणि काचा वर असलेला चष्मा लगेच परत येणाऱ्याचा. अडकित्ता मिटलेला असावा की उघडा? उघड्या अडकित्त्याच्या दोन भुजा एक टोकदार कोन तयार करतात आणि तो कोन ज्या दिशेला वळवाल त्या दिशेला पाहणाऱ्याचा डोळा जातो, म्हणजे येथे अर्थ आणि रचना एकाच निर्णयात ठरतात. तो उघडा ठेवून त्याचे टोक सुपारीकडे वळवावे. काम अर्धवट राहिले आहे हे त्यातून कळते आणि डोळाही हव्या त्या ठिकाणी पोहोचतो.

वस्तू निवडताना पोत आणि आकार यांचाही हिशोब ठेवावा. एक चकाकणारी, एक खरबरीत, एक पारदर्शक आणि एक मऊ असा मेळ बसला तर प्रकाशाला चार तऱ्हांनी वागता येते. आपल्या ग्रुपमध्ये पितळ, सुपारी, चष्म्याची काच आणि पंचा यांनी तो मेळ आपोआप बसला आहे. उंचीत स्पष्ट फरक हवा. दोन वस्तू जवळजवळ सारख्या उंचीच्या असतील तर एक काढून टाकावी.

चौथी पायरी : मंच आणि प्रकाश

ग्रुप खिडकीजवळ लावावा, पण थेट ऊन येणाऱ्या खिडकीजवळ नको. उत्तरेकडची खिडकी उत्तम, कारण तिचा प्रकाश दिवसभर फारसा हलत नाही. ती नसेल तर खिडकीला पातळ पांढरे कापड लावावे, किंवा रात्री एकच दिवा वापरून काम करावे. दिवा एकच असावा याबद्दल आग्रही राहावे. छतावरची ट्यूबलाइट चालू ठेवून बाजूला टेबललॅम्प लावला की प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात, आणि त्या दोन सावल्या रचनेचा कणाच मोडतात. आपल्या कागदावर वेगळा प्रकाश लागत असेल तर त्याला पुठ्ठ्याचा आडोसा करून तो ग्रुपवर पडणार नाही असे पाहावे.

प्रकाश डावीकडून आणि थोडा वरून, साधारण ४५ अंशांनी यावा ही चांगली सुरुवात आहे. दिवा खाली आणला की सावल्या लांब होतात आणि वेळ सरत आल्याचा भाव येतो. तो वर नेला की सावल्या आखूड होऊन वस्तू भरीव आणि ठाम दिसतात. ‘आत्ताच उठून गेले’ या वाक्याला तिसऱ्या प्रहराचा लांब सावल्यांचा प्रकाश शोभतो, म्हणून मी दिवा थोडा खाली ठेवीन. चष्म्याची आणि भांड्याची पडछाया पाटाच्या कडेपर्यंत पोहोचली पाहिजे.

नेत्रपातळीचा निर्णय बसण्यापूर्वी घ्यावा. वस्तू डोळ्यांच्या पातळीच्या जवळ असतील तर त्या एकमेकींमागे लपतात, भारदस्त दिसतात आणि पाहणारा त्यांच्या समोर असतो. त्या खूप खाली असतील तर पाटाचा पृष्ठभाग पसरलेला दिसतो, वस्तूंमधली अंतरे उघड होतात आणि पाहणारा उभा राहून खाली पाहत असतो. आपल्या वाक्यात पाहणारा नुकताच खोलीत येऊन पाटाकडे पाहणारा माणूस आहे, म्हणून पाट जमिनीवर न ठेवता एखाद्या खोक्यावर ठेवावा, पण आपल्या नजरेच्या बराच खाली राहील असा. एकदा बसल्यावर खुर्चीच्या पायांशी आणि पाटाच्या कोपऱ्यांशी खडूने खुणा करून ठेवाव्यात, नाही तर दुसऱ्या दिवशी सगळी लंबवर्तुळे बदललेली दिसतील.

पाचवी पायरी : वस्तूंची मांडणी

रचनेसाठी सर्वांत धाडसी धडा मला स्पेनमध्ये सापडतो. हुआन सांचेस कोतान याने १६०२ च्या सुमारास रंगवलेल्या आणि आज सॅन दिएगोच्या कलासंग्रहालयात असलेल्या चित्रात काळ्याभोर खिडकीच्या चौकटीत एक क्विन्स नावाचे फळ आणि एक कोबी दोऱ्यांनी टांगलेले आहेत, खाली चौकटीच्या कठड्यावर कापलेले खरबूज आणि काकडी आहे, आणि काकडीचे टोक कठड्याबाहेर आपल्याकडे आले आहे. डावीकडे वरून उजवीकडे खाली अशी एक वाकलेली रेषा या चार वस्तूंमधून उतरते. चित्राचा मोठा भाग निव्वळ काळा आहे. फळे-भाज्या टिकाव्यात म्हणून टांगून ठेवणे ही तेथली घरगुती रीत होती, पण त्या मांडणीच्या नेमकेपणामुळे एक कोबी प्रार्थनेसारखी गंभीर होते. चित्रकार पुढे १६०३ मध्ये कार्थुसियन या मौन पाळणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या मठात दाखल झाला, हे कळल्यावर त्या शांततेचे नवल वाटत नाही.

त्यातून घ्यायची गोष्ट अशी की वस्तू मांडण्याआधी त्यांच्यामधून जाणारी एक रेषा मनात ठरवावी. ती तिरकी असेल, वाकलेली असेल किंवा त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखी असेल, पण ती एकच असावी. आपल्या ग्रुपमध्ये तांब्या डावीकडे मागे सर्वांत उंच, त्याच्या पुढे उजवीकडे भांडे, मग चष्मा आणि सर्वांत पुढे उजवीकडे अडकित्ता व सुपारी अशी उतरती तिरकी रेषा धरावी. प्रकाशही डावीकडून येतो, म्हणून नजर आणि प्रकाश दोन्ही एकाच वाटेने उतरतात आणि शेवटी कातरलेल्या सुपारीपाशी थांबतात. चष्म्याची एक काडी पाटाच्या कडेबाहेर बोटभर येऊ द्यावी. कडेबाहेर आलेली वस्तू चित्राची सपाटी मोडते आणि पडेल की काय असा हलका ताणही निर्माण करते. क्लास आणि हेडा ताटल्या व सुऱ्या टेबलाच्या कडेबाहेर काढून ठेवतात ते याचसाठी.

मांडणी करताना काही चुका हटकून होतात. दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकतात, म्हणजे धड एकमेकींवर येत नाहीत आणि धड वेगळ्याही राहत नाहीत. अशा वेळी एक तर स्पष्ट झाकावे किंवा स्पष्ट अंतर सोडावे. तांब्याचा काठ मागच्या पाटाच्या कडेच्या रेषेत अगदी जुळून बसतो, आणि मग तांब्या त्या रेषेत अडकल्यासारखा दिसतो. सगळी अंतरे सारखी होतात आणि वस्तू दुकानात मांडल्यासारख्या दिसू लागतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे मुख्य वस्तू अगदी मध्यभागी बसवणे, कारण मग डोळा तेथे पोहोचतो आणि त्याला पुढे जायला वाट राहत नाही.

रिकाम्या जागेला वस्तूइतकाच मान द्यावा. पाटावर एक ठिकाण असे ठेवावे की जेथे काहीच नाही, पण काही तरी होते हे कळते, जसे पंच्यावर बसलेल्या माणसाच्या वजनाने पडलेली वळी. अनुपस्थितीचे चित्र काढायचे असेल तर ती वळी चारही वस्तूंपेक्षा महत्त्वाची आहे, म्हणून पंचा घडी घालून ठेवू नये. त्यावर खरोखर बसून उठावे आणि पडेल तशी वळी तशीच ठेवावी.

सहावी पायरी : लहान रेखाटने

पुठ्ठ्याला कागदाच्या प्रमाणात आयताकृती खिडकी कापावी आणि तिच्यातून ग्रुपकडे पाहत ती पुढेमागे करावी. जी चौकट पटेल ती काडेपेटीएवढ्या आकारात वहीत उतरवावी. अशी किमान सहा रेखाटने करावीत आणि प्रत्येकात फक्त तीन छटा वापराव्यात: पांढरी, मधली आणि काळी. डोळे किलकिले करून पाहिले की तपशील नाहीसे होतात आणि हे तीन गट आपोआप वेगळे दिसतात. मोबाइलवर काढलेला कृष्णधवल फोटोही येथे मदत करतो, पण तो फक्त पडताळणीसाठी वापरावा, कारण कॅमेरा सावल्यांचे पोट काळे करून टाकतो आणि त्यातला परावर्तित प्रकाश हरवतो.

सहापैकी निवड करताना एकच प्रश्न विचारावा: हे रेखाटन उलटे धरले तरी काळ्या-पांढऱ्या आकारांची मांडणी पाहावीशी वाटते का? वाटत असेल तर वस्तू ओळखू आल्या नाहीत तरी ती रचना उभी राहील.

सातवी पायरी : रेखाटन आणि छटांचा पाया

तांब्या आणि भांडे काढताना आधी मधोमध उभा अक्ष काढावा आणि त्याच्याभोवती लंबवर्तुळे बसवावीत. नेत्रपातळीच्या जितके खाली जाल तितके लंबवर्तुळ रुंद उघडते, म्हणून तांब्याच्या तोंडापेक्षा त्याच्या तळाचा वक्र जास्त गोल असतो. बुडाशी सरळ रेषा मारण्याची सवय मोडावी. चष्म्याच्या काचाही तिरक्या ठेवलेल्या लंबवर्तुळासारख्याच वागतात, त्यामुळे दोन्ही काचा एकाच कलात आहेत का ते पेन्सिल आडवी धरून तपासावे.

सतराव्या शतकातील डच चित्रकार रंग भरण्याआधी तपकिरी किंवा करड्या रंगात संपूर्ण छायाप्रकाश बांधून घेत, आणि त्या थराला त्यांच्या भाषेत ‘मृत रंग’ अशा अर्थाचा शब्द होता. तैलरंगात हा थर बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनने पातळ करून द्यावा आणि तो वाळू द्यावा. वरच्या थरांत तेलाचे प्रमाण खालच्यापेक्षा जास्त असले पाहिजे, नाही तर कालांतराने तडे जातात. पाया ॲक्रिलिकमध्ये घालून वर तैलरंग चालतो, पण उलटे कधीही करू नये. जलरंगात क्रम फिरतो, कारण तेथे पांढरा रंग म्हणजे कागदच असतो. पितळेवरचा चमकता ठिपका, भांड्यातल्या पाण्याची कड आणि चष्म्याच्या काचेतली खिडकी या तीन जागा पहिल्या वॉशपासूनच, म्हणजे पाणीदार रंगाच्या पहिल्या थरापासूनच, कोऱ्या राखून ठेवाव्यात.

आठवी पायरी : मोजके रंग

१६२० ते १६४० च्या दशकांतील हार्लेमची जेवणाची टेबले पाहिली तर त्यांत करडा, तपकिरी, मळकट हिरवा आणि एखाद्या लिंबाचा पिवळा यापलीकडे फारसे काही नसते. या आवरामुळेच तो एक पिवळा रंग झळाळतो. आपल्या चित्रासाठी यलो ऑकर, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक, पांढरा आणि अगदी थोडा बर्न्ट सिएना पुरेसे आहेत. आयव्हरी ब्लॅक आणि यलो ऑकर मिसळले की थंड, हिरवट छटा मिळते, आणि पितळेच्या सावलीतल्या भागासाठी तीच हवी असते. पितळ म्हणजे पिवळा रंग असे समजून सरसकट पिवळा लावला की ते प्लास्टिकसारखे दिसते. पितळेच्या पृष्ठभागावर आजूबाजूच्या सर्व वस्तू उलट्या आणि ताणलेल्या दिसतात, म्हणून तांब्यावर पंच्याची पांढरी पट्टी, पाटाचा तपकिरी आणि खिडकीचा चौकोन असे तुकडे पाहून तेच रंगवावेत. नीट पाहिले तर तांब्याच्या पोटात रंगवणारा माणूसही दिसेल. पीटर क्लासने एका व्हॅनिटास चित्रात काचेच्या गोळ्यावर स्वतःचे प्रतिबिंब असेच रंगवले आहे. ते ठेवायचे की पुसायचे हा अर्थाचा निर्णय आहे. आपल्या वाक्यात घर रिकामे आहे, म्हणून मी पुसीन.

नाशवंत वस्तू असतील तर त्या सर्वांत आधी पूर्ण कराव्यात. लिंबाची साल एका दिवसात वाळून वळते, कापलेले फळ काही तासांत काळे पडते, फूल दुपारपर्यंत मान टाकते. डच फुलचित्रांत वेगवेगळ्या ऋतूंतील फुले एकाच फुलदाणीत दिसतात, कारण ती एकेक करून फुलतील तशी अभ्यासून, कधी जुन्या रेखाटनांवरून, चित्रात आणलेली असतात. त्यामुळे असा गुच्छ प्रत्यक्षात कधीच एका वेळी अस्तित्वात नव्हता, आणि हे लक्षात आले की त्या भरघोस फुलांकडे पाहताना मन थोडे हलते.

नववी पायरी : कडा, आणि पडताळणी

सगळ्या कडा सारख्याच धारदार ठेवल्या तर सगळ्या वस्तू सारख्याच मोठ्याने बोलतात. सर्वांत तीव्र कड आणि सर्वांत मोठा छटांचा फरक एकाच जागी असावा. आपल्या चित्रात ती जागा अडकित्त्याची धार आणि सुपारीचा ताजा कातरलेला, पांढऱ्या-तपकिरी रेषांचा पृष्ठभाग ही आहे. तांब्याची सावलीतली कड मागच्या अंधारात विरू द्यावी. चष्म्याच्या दूरच्या काडीला पूर्ण रेषा देऊ नये. उजळ ठिपके सर्वांत शेवटी, जाड रंगाने, एकदाच टेकवावेत आणि पुन्हा चोळू नयेत.

काम संपत आले की चित्र आरशात पाहावे, म्हणजे वाकडे झालेले अक्ष ताबडतोब डोळ्यांत भरतात. मग अंगठ्याने एकेक वस्तू झाकावी. एखादी झाकल्याने काहीच उणे वाटत नसेल तर ती शोभेसाठी आली होती असे समजावे आणि पुढच्या चित्रात ती घेऊ नये. त्यानंतर घरातल्या कोणाला तरी, शीर्षक न सांगता, एवढेच विचारावे की येथे काय झाले आहे. समोरची व्यक्ती ‘तांब्या छान आला आहे’ असे म्हणाली तर हात चांगला आहे पण वाक्य पोहोचले नाही. अशा वेळी बहुतेकदा दोष प्रतीकात नसून प्रकाशात असतो, म्हणजे तांब्यावरचा उजेड सुपारीवरच्या उजेडापेक्षा जास्त झालेला असतो. तांब्यावर पातळ तपकिरी थर देऊन तो एक पायरी खाली आणावा आणि पुन्हा विचारावे.

राहिली सही. ती कोपऱ्यात ठळक अक्षरांत केली की ती स्वतःच एक वस्तू होऊन बसते आणि आखलेली तिरकी रेषा बिघडवते. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातील चीज, बदाम आणि प्रेट्झेल यांच्या चित्रात क्लारा पेटर्स हिने आपले नाव टेबलावरच्या सुरीवर कोरल्यासारखे रंगवले आहे आणि सुरईच्या झाकणावर आपला इवलासा चेहराही ठेवला आहे. आपल्या घरांत भांड्यांवर नाव घालून घेण्याची रीत आहेच. तांब्याच्या गळ्याखाली, सावलीकडच्या बाजूला, ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत आपले नाव आणि साल घालावे, आणि तेही तांब्याच्या गोलाईबरोबर वळलेले असावे.